‘३ टन’चं स्टिकर आणि पुट्टी भरलेले स्टँड

घरीच ऑइल बदलणारे, ब्रेक पॅड बघणारे लोक वाढलेत, तसे त्यांच्यावर टपलेले विक्रेतेही. मी ऑनलाइन घेतलेला संच असा होता: गाडी उचलायचा ‘३ टन’चा ट्रॉली जॅक आणि उचललेली गाडी टेकवायचे ‘३ टन’चे दोन स्टँड, गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात ते. किंमत ३,८०० रुपये. शेकडो रिव्ह्यू आणि बहुतेक सगळे पाच ताऱ्यांचे.

माल खोटा आहे, हे एवढ्या लोकांना कसं कळलं नाही? सगळी गोम तिथेच आहे. वॅगनआरसारख्या गाडीचं वजन साधारण ८००-८५० किलो. इंजिन पुढे असल्याने भार पुढे जास्त, तरी पुढची दोन्ही चाकं एकदम उचलली तर जॅकवर ५०० किलोच्या आसपासच येतात. एक टनाचा जॅकही तेवढं आरामात उचलतो. मग त्यावर तीनचं स्टिकर लावा नाहीतर पाचचं, गिऱ्हाइकाला काय फरक दिसणार? तो गाडी उचलतो, फोटो टाकतो, ‘मस्त उचलतो, पैसा वसूल’ लिहितो. उचललेली गाडी तासभर तशीच राहते का, हे मात्र कुणी बघत नाही.

हायड्रॉलिक जॅक गाडी धरतो तो तेलाच्या दाबावर. आतलं सील हलकं असलं किंवा झडप नीट बसत नसली, की तेल मागे सरकत राहतं आणि गाडी बसत जाते. माझी तशीच बसली. हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, पुढची बाजू वर. चहा घेऊन येतो तो गाडी चांगली दोन बोटं खाली आलेली आणि दट्ट्याच्या बुडाशी तेलाचा ओघळ. गाडीखाली कुणी नव्हतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जायचंच नसतं. हा नियम गॅरेजमधली पोरं रोज मोडतात, तो भाग वेगळा.

जॅकचं सील गेलं, एक वेळ समजू शकतो. पण स्टँड ही तर जॅक दगा देईल म्हणून लावायची वस्तू. तेव्हा तेही तपासायला ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे नेले. त्याने ग्राइंडर फिरवून रंग उडवला आणि हसायलाच लागला. ‘साहेब, हे वेल्डिंग नाही, नुसते टाके मारलेत.’ पाय आणि तळपट्टी जिथे जुळतात तिथे दोन-दोन ठिकाणी टाके, मधल्या फटीत पुट्टी, वरून लाल रंग. खोक्यावर संचाचं वजन १२ किलो छापलेलं. किराणा दुकानातल्या काट्यावर सगळं मिळून ७ किलोच भरलं. उरलेलं पाच किलो लोखंड विक्रेत्याच्या खिशात. जॅकवरचं ‘३ टन’चं स्टिकर नखाने सोलल्यावर खाली दुसरं स्टिकर निघालं, ‘२ टन’चं!

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, ‘सर, बदलून देतो, रिटर्न टाकू नका, रेटिंग खराब होतं.’ मग उद्या-परवा करत रिटर्नची सात दिवसांची मुदत घालवली. नंतर पवित्रा बदलला, ‘३ टन म्हणजे जोडीचं मिळून.’ हे वाक्य लक्षात ठेवा. काही उत्पादक खरंच जोडीची क्षमता छापतात, काही एका स्टँडची, आणि लबाड माणूस त्या फटीतून निसटतो. शेवटी निम्मे पैसे देतो म्हणाला, अट एकच: रिव्ह्यू काढायचा. बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला तर तो निघाला कपड्याच्या व्यापाऱ्याचा. आता तोच संच, तेच फोटो, दुसऱ्या नावाने विकायला आहे, आणि तिथे तो ५ टनाचा झालाय.

अस्सल मालातही दोष निघतो. २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या अवजारं विकणाऱ्या कंपनीने पिट्सबर्ग नावाने विकलेले लाखो स्टँड परत बोलावले, कारण वजन सरकलं तर उंची धरून ठेवणारे दात सुटून स्टँड खाली बसू शकत होता. बदली म्हणून दिलेल्यांपैकी काहींच्या वेल्डिंगमध्ये खोट निघाली, तेही परत घेतले. पण तिथे मॉडेल नंबर होता, कंपनी होती, लोकांना आपला स्टँड यादीशी पडताळता आला. माझ्या स्टँडवर नाव नाही, नंबर नाही, कुठे बनला ते नाही. तो परत कोण बोलावणार?

म्हणून खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि मुदतीच्या आतच वजन करा. खोक्यावर उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता, महिना-वर्ष आणि माल आयात केलेला असेल तर उत्पादक देश कायद्याने असायलाच हवं. नसेल तर त्याच दिवशी रिटर्न. विक्रेता फोनवर कितीही गोड बोलला तरी तक्रार ॲपमध्येच लेखी नोंदवा. स्टँडवर गाडी टेकवली की खाली जाण्याआधी बाजूने दणकून ढकलून बघा, आणि जॅकही काढून न घेता हलका टेकवून ठेवा.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल. पोच आली, निकाल नाही. तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. स्टँड पुरावा म्हणून ठेवलेत. भंगारवाला दोनदा विचारून गेला. केस संपली की गॅस कटरने तुकडे करूनच देणार, नाहीतर नवा रंग लावून ते पुन्हा कुणाच्या तरी दारात येतील.