भिंतीत गाडलेली '२.१' केबल

गणपतीला मुंबईची मंडळी येणार म्हणून घाईघाईने होम थिएटर बसवून घेणारी घरं आता कोकणात गावोगाव दिसतात. त्या घाईचा फायदा उठवणारेही आहेत. आमच्या बाबतीत जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या बाबतीत होऊ नये, म्हणून सगळं लिहितोय.

घर गुहागरजवळ, जांभ्याचं. प्लेअर आणि अॅम्प्लिफायर समोरच्या भिंतीशी, प्रोजेक्टर मागे वर टांगलेला. त्यामुळे केबल लागत होती १५ मीटर. दुकानदाराने आठ हजारांची एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी) दिली. वेष्टणावर 'व्हर्जन २.१, ८के, गोल्ड प्लेटेड' असं ठसठशीत छापलेलं. त्याच्याच माणसांनी चिऱ्यात खाच मारली, केबल आत बसवली, वरून सिमेंट लिंपलं. मग सेट-टॉप बॉक्स जोडून चित्र दाखवलं. चित्र स्वच्छ होतं. ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र देणारा प्लेअर लावून दाखवा म्हटलं, तर 'नेट स्लो आहे, रात्री बघा' म्हणाला आणि पैसे घेऊन गेला.

फसवणूक तिथेच होती. सेट-टॉप बॉक्सच्या १०८०पी (फुल एचडी) चित्राला सेकंदाला साडेचार गिगाबिट माहितीसुद्धा लागत नाही. तेवढं काम साधी केबलही करते. ४के, सेकंदाला ६० फ्रेम आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र) म्हटलं की गरज १८ गिगाबिटच्या आसपास जाते. तांब्याच्या तारेत लांबी वाढेल तसा सिग्नल क्षीण होतो, आणि १५ मीटरवर हा भार साध्या तांब्याच्या केबलला सहसा पेलत नाही.

रात्री चित्रपट लावला तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकायला लागले, मध्येच पडदा काळा व्हायचा, पुन्हा चित्र यायचं. दुकानदाराला फोन केला. 'अहो, खाऱ्या हवेने होतं असं. स्टॅबिलायझर आणि बूस्टर घ्या, थांबेल.' नव्याकोऱ्या केबलला एका आठवड्यात खारी हवा काय करणार? सोन्याचा मुलामा गंज टाळायला समुद्रकाठी उपयोगी पडतो, हे खरं. पण त्याने रंग खुलतात हे साफ खोटं. सिग्नल डिजिटल असतो, तो नीट पोचतो किंवा तुटतो.

माझा आतेभाऊ पनवेलला साउंडचं काम करतो. तो आला आणि प्रोजेक्टर खाली उतरवून प्लेअरशेजारी टेबलावर ठेवला. प्लेअरसोबत आलेली छोटी केबल जोडली. तोच चित्रपट शेवटपर्यंत एकदाही न अडता चालला. म्हणजे वीजही ठीक, प्रोजेक्टरही ठीक. दोष भिंतीत होता.

वेष्टण बघून तो म्हणाला, 'केबलला व्हर्जन नंबर नसतोच रे. नंबर यंत्राच्या पोर्टला असतात.' केबलला असतो तो वर्ग: हाय स्पीड, १८ गिगाबिटची प्रीमियम हाय स्पीड, ४८ गिगाबिटची अल्ट्रा हाय स्पीड. शेवटच्या दोन्हींच्या अस्सल वेष्टणावर स्कॅन करून पडताळता येणारं लेबल असतं. आमच्या वेष्टणावर तसलं काहीच नव्हतं. इतक्या लांबीला फायबर ऑप्टिक (तांब्याऐवजी प्रकाशाने सिग्नल नेणारी) एचडीएमआय केबल घ्यावी. तिला दिशा असते. 'सोर्स' लिहिलेलं टोक प्लेअर-अॅम्प्लिफायरकडे आणि 'डिस्प्ले'चं टोक प्रोजेक्टरकडे. उलटी लावली तर चित्रच येत नाही.

दुकानदार केबल परत घेईना. 'भिंतीत टाकलेला माल परत नाही.' पक्कं बिल त्याने 'जीएसटी वाढेल' म्हणून दिलंच नव्हतं. पण पैसे यूपीआयने गेले होते, आणि '४केची गॅरंटी माझी' हा त्याचा व्हॉट्सअॅप मेसेज होता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला घेतला आणि रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगासाठी तक्रार लिहून काढली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. तो कागद समोर ठेवल्यावर त्याने केबलचे पैसे परत दिले. भिंत फोडण्याचा आणि पुन्हा लिंपण्याचा खर्च मात्र द्यायला तो तयार नाही. त्यासाठी तक्रार दाखल करतोय.

नवी केबल आम्ही दीड इंची पाइपातून ओढली आहे. गवंड्याने वळणं गोलाईत घेतली, त्यामुळे केबलचं डोकं अडकलं नाही. तुमच्याकडे काम चालू असेल, तर पाइप टाकल्याशिवाय खाच बुजवू देऊ नका. तुमच्याच प्लेअरवर ४के चित्रपट तासभर चालवून बघितल्याशिवाय पैसेही देऊ नका.