लडलो की लॅव्हनम? एकच जुनं बाजारगाव बघायचं असेल तर

मुलांकडे इंग्लंडला गेलेल्या आईबाबांचं लंडन, बाथ, स्ट्रॅटफर्ड उरकलं की एखादा शनिवार-रविवार हाताशी राहतो. जुनं बाजारगाव बघायचं ठरतं आणि ही दोन नावं हमखास पुढे येतात. माझं मत लडलोला. पण लॅव्हनमवर फुली मारण्याआधी त्याची बाजूही नीट ऐका.

लॅव्हनम इंग्लंडच्या पूर्वेला, सफोक परगण्यात आहे. 1257 मध्ये बाजाराची सनद मिळाली, तरी गावाला बरकत आली ती निळ्या लोकरी कापडाने. हा रंग वोड नावाच्या झाडाच्या पानांतून काढत. आपल्या निळीतलं रंगद्रव्यच त्यातही असतं. 1524 च्या करआकारणीत हे एवढंसं गाव इंग्लंडात श्रीमंतीत चौदावं होतं. पुढे कोलचेस्टरला आलेले डच निर्वासित हलकं, स्वस्त कापड विणू लागले आणि इथला धंदा बसला. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून आज तीनशेहून जास्त संरक्षित इमारती उभ्या आहेत. ओक ओला असतानाच घरांना वापरलेला, तो सुकताना पिळवटला. म्हणून घरं अशी कललेली दिसतात. फोटोंसाठी याला तोड नाही. 1529 च्या सुमाराचं गिल्डहॉल, म्हणजे गावातल्या संघाचं सभागृह, आणि कापडाच्या पैशातून उभं राहिलेलं भव्य चर्च पाहिलं, की अर्ध्या दिवसात गाव होतं.

लडलो पश्चिमेला, वेल्सच्या सीमेजवळच्या श्रॉपशर परगण्यात. तिथे मात्र बाजार अजून भरतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार, अगदी किल्ल्याच्या दारात. माझ्या लेखी इथेच निकाल लागतो.

सेंट लॉरेन्स चर्चमध्ये गायकांच्या लाकडी आसनांखाली कोरीवकाम आहे, ते वाकून बघाच. एका आसनाखाली माप मारणारी बिअरवाली आहे. सैतान तिला खांद्यावर टाकून नरकात नेतोय आणि तिचं ते खोटं माप अजून तिच्या हातात आहे. बाजारावर जगणाऱ्या गावाला काय झोंबत होतं, हे एवढ्याशा लाकडात कळतं.

किल्ला तर इंग्लंडच्या इतिहासाचा मोठा साक्षीदार. युवराज आर्थर 1502 मध्ये इथेच वारला, म्हणून त्याचा धाकटा भाऊ आठवा हेन्री गादीवर आला. आणि एक धागा थेट आपल्या कोकणात येतो. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रज आरमाराचा अ‍ॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. ती मोहीम पेशव्यांशी हातमिळवणी करून झाली होती, हे आजही जिव्हारी लागतं. याच क्लाइव्हच्या मुलाने, एडवर्डने, 1811 मध्ये लडलोचा किल्ला विकत घेतला आणि तो अजून त्याच घराण्याकडे आहे. ज्याने विजयदुर्ग पाहिलाय, त्याने या तटाखाली थोडा वेळ थांबावं.

प्रवासात लॅव्हनम जवळ पडतं, पण गावात रेल्वे नाही. सडबरीला किंवा बरी सेंट एडमंड्सला उतरून बस धरावी लागते. लडलोला स्टेशन आहे, मात्र लंडनहून गाडी बदलत तीनेक तास सहज जातात. गाव टेकडीवर, स्टेशनकडून चढ आहे आणि बुरुजाच्या पायऱ्या अरुंद. गुडघे कुरकुरत असतील किंवा एकच दिवस असेल, तर लॅव्हनमच बरं. मुक्काम जमत असेल तर शुक्रवारी लडलो गाठा: आधी चर्च आणि किल्ला, दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार.