ट्रेलरवरच्या 22 फुटी बोटीत दोघांचा लांबचा प्रवास: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग तपशील. दोन माणसांना आठवडेच्या आठवडे पाण्यावर राहायला 22 फुटी बोट पुरते. आम्ही दोघं राहिलो, अजून राहतोय, आणि मोठी बोट घ्यावी असं एकदाही वाटलेलं नाही. पण ‘पुरते’ याचा अर्थ काय, हे विकत घेण्याआधी कुणी नीट सांगत नाही. प्रदर्शनात बोट रिकामी आणि स्थिर असते. तुम्ही पाच मिनिटं आत बसता आणि म्हणता, अरे वा, जागा बरीच आहे. त्यात दोन माणसांचे कपडे, पाणी, पेट्रोल, दोर, नांगर, ओले रेनकोट आणि सलग तीन दिवसांचा पाऊस भरला की खरी बोट कळते.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या लांबीच्या, पुढे झोपायची जागा, मधे बंद केबिन आणि मागे आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या पाठीवर बाहेरून बसवलेलं इंजिन, असलेल्या बहुतेक बोटींना यातलं बरंचसं लागू पडेल. आमचं मुख्य इंजिन 90 हॉर्सपॉवरचं, शेजारी 6 हॉर्सपॉवरचं छोटं राखीव इंजिन, पेट्रोलची टाकी 150 लिटरची आणि पाण्याची 75 लिटरची.

लोक बोटीबद्दल विचारतात, ट्रेलरबद्दल कुणीच विचारत नाही. माझ्या मते अर्धी खरेदी ट्रेलरची असते. मोठ्या बोटीला एका किनाऱ्यावरून दुसरीकडे जायचं तर मधला सगळा उघडा समुद्र कापावा लागतो, हवामानाची वाट पाहत बंदरात बसावं लागतं. आम्ही तो भाग रस्त्याने पार करतो आणि नेमक्या हव्या त्या खाडीत, नदीत किंवा तळ्यात उतरतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागाला नद्या, कालवे, तळी आणि समुद्रकिनाऱ्याने वळसा घालणाऱ्या ‘ग्रेट लूप’ या जलमार्गाची साधारण 6,000 मैलांची फेरी कितीतरी जण अशीच तुकड्यातुकड्यांनी पूर्ण करतात. एका वर्षी एक टप्पा, बोट घरी, पुढच्या वर्षी तिथूनच पुढे. नोकरी सांभाळून लांबचा प्रवास करायचा तर मला याहून चांगला मार्ग दिसत नाही.

मात्र रुंदीकडे लक्ष द्या. अमेरिकेत 8 फूट 6 इंच आणि युरोपात 2.55 मीटर ही रस्त्यावरची नेहमीची मर्यादा. त्याहून रुंद बोट ओढायची तर वेगळा परवाना लागतो आणि ट्रेलरबोटीचा सगळा मोकळेपणा तिथेच संपतो. वजनाचंही तसंच. कागदावर दिलेलं वजन बहुधा नुसत्या सांगाड्याचं असतं. त्यात इंजिन, बॅटऱ्या, नांगर-साखळी, 110 किलो पेट्रोल, 75 किलो पाणी, सामान आणि खुद्द ट्रेलर मिळवा, मगच आपली गाडी किती ओढू शकते ते बघा. शक्यतो सगळं सामान भरून एकदा वजनकाट्यावर नेऊन आणा. गाडीच्या हूकवर एकूण वजनाच्या साधारण पाच ते दहा टक्के भार यायला हवा. तो कमी पडला की वेगात ट्रेलर डावीउजवीकडे झुलायला लागतो, आणि ही झुलणी एकदा सुरू झाली की पटकन आवरत नाही. म्हणून रस्त्यावर असताना बोटीत जड वस्तू मागे ठेवायच्या नाहीत.

ट्रेलरच्या चाकांच्या बेअरिंगबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ट्रेलरवाल्यांचे अडकून पडण्याचे प्रसंग बरेचदा इथूनच सुरू होतात. लांब पल्ला ओढल्यावर चाकाचा हब (बेअरिंग बसवलेला मधला भाग) चांगलाच तापलेला असतो. तो तसाच थंड पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग ग्रीस पांढरट होतं, गंज धरतो आणि पुढे कधीतरी भर रस्त्यात चाक अडकतं. उपाय सोपा आहे. बोट पाण्यात सोडायच्या उतारावर पोचल्यावर आधी बोटीची तयारी करायची: पट्टे सोडा, दोर बांधा, बुडाचं बूच घट्ट आहे ना ते बघा, बॅटरीचा स्विच चालू करा. यात अर्धा तास सहज जातो आणि तेवढ्यात हब निवतात. नवरा दर थांब्यावर चारही हबांना हात लावून बघतो. एक हब बाकीच्यांपेक्षा गरम लागला की तिथेच थांबायचं, पुढे रेटायचं नाही. ग्रीस भरून तयार असलेला एक अख्खा हब आम्ही जवळ ठेवतो. खाऱ्या पाण्यातून ट्रेलर बाहेर काढला की ब्रेकसकट गोड्या पाण्याने धुतो. टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, म्हणून नक्षी शाबूत दिसली तरी बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा आहेत का ते बघायचं.

आता आतल्या जागेबद्दल. इतक्या लहान केबिनमध्ये दोन माणसं एका वेळी हलू शकत नाहीत. हे वाक्य शब्दशः घ्या. सकाळी मी उठते, सरकत सरकत पायांकडून बाहेर येते, टेबलाशी बसते आणि पाय वर घेते. मग तो उठतो, गादीचा मधला तुकडा काढून भिंतीला लावतो, खालच्या कप्प्यातून शेगडी वर ठेवतो. त्याचं होईपर्यंत मी जागची हलत नाही. पाणी उकळलं की तो बसतो आणि माझी पाळी. सुरुवातीच्या दिवसांत ‘जरा सरक’, ‘अरे थांब ना’ हे सतत चालायचं. आता न बोलता होतं, कारण प्रत्येक वस्तूची जागा ठरली आहे आणि वापरून झाल्याबरोबर ती तिथेच जाते. टॉर्च, चष्मा, चाकू, शिट्टी या चार गोष्टी अंधारात, न बघता हाताला लागल्याच पाहिजेत. ज्यांना पसारा चालतो त्यांना ही बोट मानवणार नाही, आणि जोडप्यातल्या एकालाच चालत असेल तर दुसऱ्याचे हाल होतील.

बोटीत आणलेली प्रत्येक नवी वस्तू जुनी एखादी बाहेर काढूनच आत येते, हा आमचा पाळलेला नियम आहे. कडक पेट्यांपेक्षा मऊ पिशव्या बऱ्या, त्या कोनाकोपऱ्यात बसतात. कपडे ठरवलेत त्याच्या निम्मे घ्या, पण अंगावरचा एक कोरडा जोड बंद पिशवीत वेगळा ठेवा आणि खरोखर गरज पडेपर्यंत त्याला हात लावू नका.

ओलाव्याचा त्रास मात्र मला वाटला होता त्याहून मोठा निघाला. दोन माणसं बंद केबिनमध्ये रात्रभर श्वास घेतात, ती सगळी वाफ थंड काचांवर आणि फायबरवर जमते आणि पहाटे थेंब थेंब अंगावर पडते. गादीच्या खालची बाजू आठवडाभरात ओली लागायला लागली. गादीखाली हवा खेळती ठेवणारी जाळी घातली, पुढची झडप पावसातही बोटभर उघडी राहील असं वरून छोटं छत लावलं, आणि फरक लगेच जाणवला. शेगडी पेटवताना दोन ठिकाणची हवा उघडी हवीच. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, त्यामुळे झोपायच्या जागेजवळ त्याचा अलार्म असल्याशिवाय मी अशा बोटीत रात्र काढणार नाही.

शौचालय म्हणजे सुटी कॅसेट, काढून नेता येणारी टाकी. दोघांना 20 लिटरची टाकी तीन-चार दिवस जाते, मग किनाऱ्यावरच्या ठरलेल्या जागी रिकामी करायची. सवय होते, एवढंच.

वीज हा तसा सुटलेला प्रश्न आहे. 12 व्होल्टची 100 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण 1,280 वॅट-अवर साठवते. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज दिवसाला तीस-चाळीस अँपिअर-अवर खातो. 100 वॅटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात तीसच्या आसपास देतं, म्हणून छतावर दोन लावली. ढगाळ दिवसात फ्रिज रात्री बंद. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी ठेवायची आणि तिला दुसऱ्या कशालाही हात लावू द्यायचा नाही.

इंधनाचं गणित समजलं आणि प्रवासाचा सगळा बाज बदलला. पाण्यात बुडालेली लांबी 20 फूट असेल तर तरंगत जाणाऱ्या बोटीचा सहज वेग सुमारे 6 नॉट (तासाला 6 सागरी मैल) येतो. त्या वेगाला आमचं इंजिन तासाला पाचेक लिटर पितं. 15 नॉटला, म्हणजे बोट पाण्यावर उचलली जाऊन घसरायला लागल्यावर, वीस-बावीस लिटर. मधला सात ते अकराचा पट्टा सर्वांत वाईट: नाक वर, शेपूट खाली, मागे भली मोठी लाट आणि पेट्रोल पाण्यासारखं जातं. आम्ही बहुतेक वेळ सहानेच जातो. किनारा दिसतो, पक्षी दिसतात, एकमेकांशी बोलता येतं. वेग राखून ठेवायचा तो हवामान बदलण्याआधी आडोसा गाठायला. टाकीचे तीन भाग धरायचे: एक जायला, एक यायला, एक राखीव. त्या हिशोबाने 100 लिटर वापरायचे तर हळू गेल्यास 120 सागरी मैल मिळतात, जोरात गेल्यास सत्तरच्या आसपास.

नांगर टाकणं ही जोडप्याची खरी परीक्षा. नाकावर मी, सुकाणूवर तो, मधे वारा आणि इंजिनचा आवाज. ओरडून सांगितलेलं प्रत्येक वाक्य समोरच्याला रागावल्यासारखं ऐकू येतं. म्हणून आम्ही बोलणं बंद केलं आणि खुणा ठरवल्या. हात लांब करून एखादी दिशा दाखवली की नांगराची साखळी तिकडे आहे, तिकडे वळव. तळवा मागे हलवला की हळूच मागे. मूठ वर म्हणजे इंजिन न्यूट्रलला. बस्स, तीन खुणा. त्यांनी आमची जेवढी भांडणं वाचवली तेवढी कोणत्याच उपकरणाने वाचवली नाहीत.

नांगराचा दोर किती सोडायचा याचा हिशोब भरतीच्या वेळच्या खोलीवर करायचा. समजा आत्ता पाणी 3 मीटर आहे, नाक पाण्यापासून 1 मीटर वर आहे आणि भरतीने अजून 2 मीटर चढणार आहे. झाले 6. शांत हवेत त्याच्या पाचपट, म्हणजे 30 मीटर, वाऱ्यात सातपट, म्हणजे 42. पाणी एकसारखं चढत नाही हेही लक्षात ठेवायचं: सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला बारावा हिस्सा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. हलकी बोट नांगरावर रात्रभर इकडून तिकडे फिरते. आउटबोर्ड वर न उचलता पाण्यातच ठेवलं की हे फिरणं बरंच कमी होतं.

हवामानात या बोटीची मर्यादा स्पष्ट आहे आणि ती मान्य करूनच घ्यावी. उघड्या पाण्यात वाऱ्याच्या ब्युफर्ट मोजपट्टीवर 4, म्हणजे 11 ते 16 नॉट वारा, इथवर ठीक. त्यापुढे आम्ही आडोशाला थांबतो. वारा एकीकडून आणि प्रवाह दुसरीकडून असेल तर याहून कमी वाऱ्यातही लाटा आखूड आणि उभ्या होतात आणि बोटीचा सपाटसर तळ धाडधाड आपटतो. प्रवाहाशी तर वादच नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या इनसाइड पॅसेज या जलमार्गावर सेमूर नॅरोज ही चिंचोळी सामुद्रधुनी आहे, तिथे भरती-ओहोटीचं पाणी 15 नॉटपर्यंत धावतं. तिथला पाण्याखालचा खडक, रिपल रॉक, 5 एप्रिल 1958 रोजी सुरुंगाने उडवला, तरीही छोट्या बोटी आजही पाणी थांबण्याची घटका साधूनच तिथून जातात. सहा नॉटच्या बोटीला दुसरा पर्याय नाही. छोट्या होडीने काय साधतं याची मोठी उदाहरणं आहेत. ब्रिटिश नाविक फ्रँक डाय 1963 साली एका जोडीदाराबरोबर सोळा फुटांहूनही किंचित लहान, उघड्या वेफेअरर डिंगीतून (शिडाच्या छोट्या होडीतून) स्कॉटलंडहून आइसलंडला पोचले, आणि पत्नी मार्गारेटबरोबरही त्यांनी अशाच डिंगीतून अनेक सफरी केल्या. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण ते कौशल्य त्यांचं होतं. बोट विकत घेऊन ते मिळत नाही.

आमच्याकडे एक पक्का करार आहे: दोघांपैकी एकाने ‘आज नको’ म्हटलं की विषय संपला. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही.

आणि दोघांना सगळं यायलाच हवं, हे फार कळकळीने सांगते. एक जण पाण्यात पडला तर बोटीवर एकच माणूस उरतो. बऱ्याच बोटींवर एक चालवतो आणि दुसरी सोबत असते. हे बदला. मी धक्क्याला बोट लावते, वळवून परत आणते, व्हीएचएफ रेडिओवर आणीबाणीच्या चॅनेल 16 वरून मदत मागू शकते. चालवणारा पडला की इंजिन आपोआप बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली असते. मागची शिडी पाण्यातून, पाण्यात असलेल्या माणसानेच ओढून उघडता आली पाहिजे. घेताना हे करून बघा, कारण काही शिड्या फक्त वरूनच उघडतात. उन्हाळ्यात शांत पाण्यात कपड्यांसकट उतरून दोघांनी आळीपाळीने वर चढून पाहिलं. भिजलेले कपडे किती जड होतात ते तेव्हा कळलं.

तक्रारी आहेत. बाजूच्या खिडकीचं सील तिरक्या पावसात पाझरतं, आणि बनवणाऱ्यांनी पाठवलेलं नवं सीलही तसंच निघालं. शेवटी आम्हीच मरीन सीलंट भरून बसवलं. केबिनमध्ये नवऱ्याला ताठ उभं राहता येत नाही, संध्याकाळपर्यंत त्याची मान अवघडते. मागच्या उघड्या भागाला कापडी छत पहिल्यापासूनच घ्या, पावसात तीच दुसरी खोली असते.

घ्यायचा विचार असेल तर एवढं करा: अशीच एखादी बोट आठवडाभर भाड्याने घ्या, आणि तारीख पाऊस सांगितलेला असेल अशीच निवडा. दोघांनी चालवा, दोघांनी नांगर टाका, दोघांनी कॅसेट रिकामी करा. आठव्या दिवशी ट्रेलरवर बोट चढवताना दोघांनाही अजून दोन दिवस राहावंसं वाटत असेल, तर खुशाल घ्या.