फॉरेस्ट नोम की रॉक नोम?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) नोम, म्हणजे बुटक्या जमातीतलं पात्र, घ्यायचं ठरलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, फॉरेस्ट की रॉक? इंटेलिजन्सला (बुद्धीला) २ गुण दोघांनाही मिळतात. शिवाय जादूपासून मनाचा बचाव करताना दोन फासे टाकून मोठा आकडा धरायची मुभा. समोर चेटकीण असेल तेव्हा या मुभेची किंमत कळते.

फॉरेस्ट नोमला चपळाईत १ गुण, छोट्या प्राण्यांशी जुजबी बोलणं आणि मायनर इल्युजन, म्हणजे छोटासा आवाज किंवा चित्र भासवायची जादू, फुकट. पहारेकऱ्याला कोपऱ्यापलीकडे पावलं ऐकवायची, तो तिकडे वळला की आपण आत! विझार्ड (जादूगार) किंवा रोग (चोरपावलांचा भामटा) खेळायचा असेल तर डोळे झाकून हाच घ्या.

रॉक नोमला काटकपणात १ गुण. त्याची खरी गंमत मात्र हातातल्या अवजारांत आहे. एक तास खपून, १० सुवर्णमुद्रांचं सामान वापरून तो चावीचं खेळणं, आग पेटवणारं यंत्र किंवा संगीतपेटी बनवतो. देखभाल केली नाही तर वस्तू २४ तासांनी बंद पडते, एका फटक्यात मोडतेही. आकडेमोड करणारे खेळाडू इथे नाक मुरडतात. पण रुसलेल्या पोरासमोर टणाटण उड्या मारणारा यांत्रिक बेडूक ठेवून बघा, गप्प बसलेलं गाव बोलायला लागतं. लढाया कमी आणि माणसं जास्त असलेल्या लांब मोहिमेत मी रॉक नोमच निवडेन.