कॅराव्हॅन ओढायची तर ब्रेकअवे स्विच, हँडब्रेकची केबल का नुसती साखळी?

२०२१ ला महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं आणि तेव्हापासून आपल्या मराठवाड्यातही हौशी लोक वाढलेत, वेरूळ-अजिंठा करायचं, तिकडून परळी, औंढा, माहूर, मुक्काम आपल्याच घरात आणि स्वयंपाक पण आपलाच. ज्यांचं घर गाडीतच बसवलेलं आहे त्यांनी हे नाही वाचलं तरी चालतंय, हे गाडीच्या मागं जोडून ओढायच्या कॅराव्हॅनबद्दल आहे. ती बनवून घेताना लोक फ्रिज किती लिटरचा, सोलर किती वॅटचा, बेड कसा उघडतो हे दहादा विचारायलेत, पण चालत्या गाडीतून ती सुटली तर काय, हे कुणी विचारत नाही. आणि सुटते हो. उसाच्या सीझनला ट्रॉलीच्या पिनेत वाकवलेल्या सळईचा तुकडा घातलेला आपण सगळ्यांनीच बघितलाय, तो पडला की पुढं काय होतं ते पण माहितीये.

कॅराव्हॅनला पिन नसते, गाडीच्या मागच्या टो-बारवर (ओढायच्या दांड्यावर) लोखंडी बॉल असतो आणि त्यावर कॅराव्हॅनचा कपलर, म्हणजे बॉलला धरणारी वाटी, बसतो, पण तिथंही एक घोळ आहे. युरोप-ऑस्ट्रेलियाचा बॉल ५० मिलिमीटरचा आणि अमेरिकेचा दोन इंची म्हणजे ५०.८ चा. डोळ्याला काहीच फरक दिसत नाही, पण दोन इंची कपलर ५० च्या बॉलवर चढवला तर ढिला राहतो आणि आपल्या रस्त्याचे खड्डे खाऊन आणखी ढिला होत जातो. त्यामुळं आधी बॉलला व्हर्नियर लावा, कपलरवर काय आकडा कोरलाय ते बघा, बाकीचं नंतर.

आता ब्रेकअवेचे, म्हणजे कॅराव्हॅन सुटलीच तर तिला सांभाळायचे, तीन पर्याय. नुसती साखळी, ओव्हररन ब्रेकवरची केबल, आणि इलेक्ट्रिक ब्रेकवरचा स्विच.

साखळीचं लवकर उरकतो. साखळी कॅराव्हॅनला धरून ठेवते, थांबवत नाही. कपलर सुटला, साखळीनं धरलं, आता तुम्ही घाबरून ब्रेक दाबला तर मागचं सगळं वजन येऊन डिकीत बसणार. युरोपात बिनब्रेकचं ट्रेलर ७५० किलोपर्यंतच चालतं, तेवढ्या छोट्याला साखळीवर भागवतात. तुमचं प्रकरण भरलेल्या वजनासकट ७५० च्या आत असेल तर साखळी चांगल्या जाडीची घ्या, ती अडकवायचा शॅकल (पिनवाली कडी) चांगला घ्या आणि विषय संपवा. भरलेलं वजन म्हणजे १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, वर गॅस, गाद्या, किराणा, खुर्च्या, हे सगळं भरून मोंढ्याजवळच्या वजनकाट्यावर नेऊन बघा, बनवणाऱ्यानं तोंडी सांगितलेल्या वजनावर जाऊ नका, ते नेहमी रिकाम्याचं असतं.

७५० च्या वर गेलात की ब्रेक पाहिजेच, आणि ब्रेक कुठला त्यावरच केबल का स्विच हे ठरतं. म्हणजे ‘नुसता ब्रेकअवे स्विच बसवून द्या’ असं म्हणून चालत नाही, ज्या एक्सलला इलेक्ट्रिक ब्रेकच नाहीत तिथं तो स्विच काय दाबणार. स्विच हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त तुकडा आहे, खर्च ब्रेकवाल्या एक्सलचा आणि गाडीतल्या कंट्रोलरचा, म्हणजे ड्रायव्हरजवळून कॅराव्हॅनचे ब्रेक चालवणाऱ्या डब्याचा, असतो.

ओव्हररन असं चालतं की तुम्ही गाडीचा ब्रेक दाबला, मागची कॅराव्हॅन पुढं रेटते, कपलरमागचा दांडा आत सरकतो आणि तो केबल ओढून कॅराव्हॅनचे ब्रेक लावतो. वायरिंग नाही, कंट्रोलर नाही. याच्या ब्रेकअवेला एक बारीक स्टीलची केबल असते, तिचं एक टोक हँडब्रेकच्या दांड्याला आणि दुसरं गाडीच्या टो-बारला. कॅराव्हॅन सुटली की केबल ताणते, हँडब्रेक वर ओढला जातो, आणि मग केबल स्वतःच तुटते किंवा तिची कडी उघडते. म्हणजे युरोपवाल्यांचा विचार असा की सुटलीच आहे तर जाऊ द्या, पण ब्रेक लावून जाऊ द्या. अमेरिका-ऑस्ट्रेलियावाले म्हणतात सोडायचीच नाही, साखळी पण ठेवा आणि ब्रेक पण लागला पाहिजे. आपल्या हायवेवर मागं दोन मोटारसायकली, बाजूला शेळ्या आणि समोरून उलट्या साइडनं ट्रॅक्टर, तिथं सुटलेली कॅराव्हॅन ब्रेक लावून का होईना पण एकटी कुठं जाऊन थांबेल ते सांगता येत नाही, म्हणून मला साखळी दोन्ही प्रकारात पाहिजे. फक्त केबलवाल्यात साखळीची लांबी नीट बघावी लागते, साखळी आखूड झाली तर ती आधी ताणणार, केबल ढिलीच राहणार आणि हँडब्रेक लागणारच नाही.

स्विचचं काम वेगळं. कॅराव्हॅनच्या पुढच्या ए-फ्रेमवर (त्रिकोणी सांगाड्यावर) एक छोटा डबा, त्यात एक पिन, पिनेला दोरीसारखी वायर, ती गाडीला अडकवलेली. पिन निघाली की आतले दोन पॉइंट जुळतात आणि कॅराव्हॅनवरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून करंट थेट ब्रेकच्या मॅग्नेटला जातो. मॅग्नेट फिरत्या ड्रमला चिकटतो, ड्रमबरोबर जरासा ओढला जातो, त्याचा दांडा ब्रेक-शू फाकवतो. चाकं जागेवर जाम.

मोठा फरक बॅटरीचा आहे. ट्रकवाल्यांना विचारा, तिथं एअर उतरली की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो, म्हणजे सिस्टिम मेली तरी गाडी थांबते. इलेक्ट्रिकचं उलटं आहे, बॅटरी मेली की पिन निघून पण काही होत नाही, आणि हे तुम्हाला कळणार ते नेमकं सुटल्यावर. एक मॅग्नेट साधारण ३ अँपिअर ओढतो, एका एक्सलला दोन म्हणजे ६, दोन एक्सलला १२. ऑस्ट्रेलियात २ टनांच्या वरच्या कॅराव्हॅनला सुटल्यावर ब्रेक किमान १५ मिनिटं धरून राहिला पाहिजे असा नियम आहे, अमेरिकेतल्या कमर्शियल ट्रेलरला पण १५ मिनिटंच. हिशोब केला तर दोन एक्सलला १५ मिनिटांत ३ अँपिअर-तास लागतात, म्हणून किटमध्ये ५ च्या आसपासची छोटी सीलबंद बॅटरी देतात. नवीन असताना पुरते. पण मे महिन्यात नांदेड-परभणीच्या ४२-४३ डिग्रीत पत्र्याच्या डब्यात ठेवलेली लेड-ॲसिड बॅटरी किती दिवस नवीन राहते ते इन्व्हर्टर असलेल्या कुणालाही विचारा. आणि ती १५ मिनिटं संपल्यावर उतारावर असाल तर ब्रेक सुटणार, त्यामुळं उतरल्या उतरल्या चाकाला दगड लावायचा. केबलवाल्यात ही भानगड नाही, हँडब्रेक एकदा वर गेला की तिथंच राहतो.

काही जण वेगळी छोटी बॅटरी न ठेवता कॅराव्हॅनमधली फ्रिज-दिव्यांची मोठी १०० अँपिअर-तासवालीच वापरतात. मला हेच बरं वाटतं, ती सोलरवर रोज चार्ज होते, आणि ती उतरली तर फ्रिज बंद पडून तुम्हाला लगेच कळतं. फक्त स्विचची वायर मेन कटऑफच्या आधीच, थेट बॅटरीवरून आणि बॅटरीजवळच फ्यूज टाकून घ्यायची. नाहीतर प्रवासाला निघताना कुणीतरी शिस्तीत मेन बंद करणार आणि त्याच्याबरोबर ब्रेकअवे पण बंद.

मग स्विच घ्यायचाच कशाला, असं वाटेल. घाटासाठी. कन्नडचा औट्रम घाट उतरताना किंवा मांजरसुंब्याहून बीडकडं, तुम्ही लोअर गिअरवर इंजिनानं गाडी धरता, आणि ओव्हररनवाली कॅराव्हॅन सतत मागून रेटत राहते, म्हणजे तिचे ब्रेक थोडे थोडे लागलेलेच राहतात, खाली येईपर्यंत ड्रम तापलेले. इलेक्ट्रिकमध्ये किती आणि कधी लावायचे ते कंट्रोलरवर तुमच्या हातात असतं, आणि मागची डुलायला लागली तर कंट्रोलरचा हाताचा स्विच दाबून फक्त कॅराव्हॅनचे ब्रेक लावता येतात, ती सरळ होते. हे ओव्हररनला जमतच नाही.

रिपेरीचं म्हणाल तर ओव्हररनची केबल, शू, स्प्रिंग हे लातूर-जालन्यातला कुठलाही जुना मिस्त्री बघून समजून घेतो. इलेक्ट्रिकचे मॅग्नेट आणि कंट्रोलर तालुक्याच्या ठिकाणी मिळायचे नाहीत, एक जादा सेट गाडीतच ठेवावा लागतो. आणि उंदीर! कॅराव्हॅन आठ महिने शेतातल्या शेडमध्ये उभी राहणार असेल तर वायरी खाल्ल्या जाणारच, स्टीलची केबल खाणारा उंदीर अजून जन्मला नाही.

तर माझं मत असं, ७५० ते साधारण दीड टन, एक एक्सल, वर्षातून थोडंच फिरणं, बॅटरी तपासायची सवय नाही, तर ओव्हररन आणि केबल. दोन टनांच्या वर, दोन एक्सल, घाटातून जाणं-येणं, तर इलेक्ट्रिक ब्रेक आणि स्विच, विचार करायचाच नाही. ऑस्ट्रेलियात दोन टनांच्या वर ओव्हररन चालतच नाही. मधल्या वजनाला मी एकच गोष्ट बघेन, घरात निघायच्या आधी मीटर लावून बॅटरी बघणारा माणूस आहे का. नसेल तर केबल.

स्विच ठरला तर बसवताना घाई करू देऊ नका. पिन पुढच्या बाजूला सरळ ओढली गेली पाहिजे, जॉकी व्हील (पुढचं टेकूचं छोटं चाक) किंवा गॅसचा पाइप आड येता कामा नये. दोरी वळणावर ताणू नये एवढी ढिली, रस्त्याला घासू नये एवढी आखूड, आणि साखळी पूर्ण ताणायच्या आधी पिन निघेल अशी. ती बॉलला किंवा साखळीला अडकवायची नाही, टो-बारला वेगळी कडी करून घ्या, कारण बॉलच नट ढिला होऊन निघाला तर दोरी त्याच्याबरोबरच जाणार. वायर घरच्या फिटिंगची नको, गाडीची मल्टिस्ट्रँड घ्या आणि ४ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) घ्या. १२ अँपिअर, ६ मीटर जायला आणि ६ मीटर यायला, २.५ च्या वायरीत साधारण एक व्होल्ट वायरीतच मरतो आणि मॅग्नेटची पकड तेवढी कमी होते. जोड पिळून टेप मारलेला नको, लग दाबून, वर श्रिंक स्लीव्ह. स्विचची दुसरी वायर ब्रेकच्या लाइनला जाते, स्टॉप लाइटच्या लाइनला जोडणारे पण बघितलेत, तसं करू देऊ नका.

टेस्ट अशी करायची. आधी गाडीचा प्लग काढा, नाहीतर करंट उलटा कंट्रोलरमध्ये जाऊन तो जळू शकतो. एक चाक जॅकवर घ्या, पिन ओढा, ड्रममधून बारीक टक असा आवाज येतो. मग चाक हातानं फिरवा, जरासं फिरतं आणि धरतं, दोघांनी जोर लावला तरी हलत नाही. सगळी चाकं अशीच बघा, आणि झाली की पिन लगेच परत घाला, मॅग्नेट तापतात. पार्किंग ब्रेक म्हणून पिन काढून ठेवणारे असतात, त्यांची बॅटरी संध्याकाळपर्यंत संपलेली असते. पावसाळ्यात आपली काळी माती त्या पिनेच्या भोकात बसून सिमेंटसारखी घट्ट होते, तेव्हा महिन्यातून एकदा पिन काढून पुसायची.

कागदाचं पण बघा. आपल्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर म्हणजे मोटार वाहनच, त्यामुळं कॅराव्हॅनची स्वतःची नोंदणी लागते आणि नंतर बदल करायचे तर १९८८ च्या कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. म्हणून ब्रेक आणि ब्रेकअवे सुरुवातीलाच, बनवणाऱ्याकडूनच, बिलावर लिहून घ्या. जुनी घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्यासमोरच पिन ओढून चाक फिरवा, फिरलं तर बॅटरी आणि मॅग्नेटचे पैसे कापूनच व्यवहार करा.