बंद कॉम्प्युटरचा चालू पंखा

कॉम्प्युटर बंद केल्यावरही आतला पंखा काही मिनिटं फिरत राहील अशी जोडणी करून देतो, असं सांगणारा एक दुरुस्तीवाला मला भेटला आणि मी त्याला पैसे मोजले. चांगले खणखणीत मोजले. वर आठ महिने येईल त्याला ती करामत कौतुकाने दाखवत बसलो. त्यातल्या दोघांनी त्याचा नंबरही मागून घेतला, ही बोच जास्त आहे. म्हणून हे लिहितोय.

तक्रार साधी होती. व्हिडिओ रेंडरला लावला, म्हणजे एडिट केलेल्याची अंतिम फाइल बनवायला लावली, की दहा-पंधरा मिनिटांत मशीन धाडकन बंद पडायची. त्याने कॅबिनेटची बाजू उघडली, मशीन जरा तापू दिली, मग बंद केली आणि म्हणाला, "सर, हीटसिंकला बोट लावा." लावलं. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा तो धातूच्या पट्ट्यांचा ठोकळा, चटका बसला. "बघा, पंखा थांबला आणि उष्णता आत कोंडली. हीच मदरबोर्ड जाळते. प्रोजेक्टर बंद केल्यावर त्याचा पंखा फिरत राहतो ना? कंपनीवाले काय वेडे आहेत?"

प्रोजेक्टरचं उदाहरण खरं होतं, तिथेच मी फसलो. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये दिवा भयंकर तापतो, विझल्यावरही काही वेळ तसाच धगधगत असतो, म्हणून पंखा चालू ठेवतात. प्रोसेसरचं तसं नाही, पण ते तेव्हा कोणाला सुचतंय!

दुसरा पुरावा तर याहून सफाईदार. मशीन पुन्हा चालू करून त्याने बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी येणारा मशीनच्या सेटिंगचा पडदा, उघडलं. तापमान ६८ अंश. विंडोजमध्ये काही काम चालू नसताना मी ५५ च्या आसपास पाहिलेलं. "बंद केल्यावर वाढलं की नाही?" मी मान डोलावली. विंडोजमध्ये काम नसलं की प्रोसेसर डुलकी काढतो आणि वीज कमी खातो. बायोसच्या पडद्यावर तो सहसा जागाच असतो, म्हणून तिथला आकडा चढा दिसतो. शटडाउनशी त्याचा काही संबंध नाही, हे मला फार उशिरा कळलं.

अर्ध्या तासात काम झालं. काडेपेटीएवढा एक काळा डबा कॅबिनेटला आतून चिकटवला. डबा राळेने ठासून बंद केलेला, वर निळा दिवा. यात चार्ज साठतो, तीन ते पाच मिनिटं पंखा चालेल आणि आपोआप थांबेल, असं सांगितलं. मशीन बंद केली, पंखा फिरत राहिला. मला कोण आनंद!

रात्री झोपायला गेलो तेव्हाही तो फिरतच होता. सकाळी उठलो तरी फिरत होता. फोन केला तर म्हणाला, "तुमची मशीन जास्त तापते, म्हणून तो जास्त वेळ चालतो." हे मी ऐकून घेतलं, एवढंच नाही, मला ते पटलं!

आणि रेंडर करताना मशीन बंद पडणं खरंच थांबलं. रेंडरला वेळ मात्र पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट लागायला लागला. त्याबद्दल मी आठ महिने सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीला शिव्या घातल्या.

भांडं फुटलं ते टेबल हलवताना. त्यासाठी प्लग काढला, परत लावला, मशीन सुरू केली. निळा दिवा लागला, पंखा ढिम्म. मशीन रडतखडत चालली आणि काही मिनिटांत बंद पडली. मामेबहीण इलेक्ट्रॉनिक्सची कामं करते, तिला बोलावलं. तिने पेन्सिलीच्या टोकाने पात्याला हलकेच ढकललं, तर पंखा मुकाट फिरायला लागला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, बारा व्होल्टच्या पंख्याला पाच व्होल्टवर कुणी टाकलाय?"

पॉवर सप्लायमधून, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, बोर्डाकडे जो वायरींचा जाडजूड जुडगा जातो, त्यात एक जांभळी वायर असते. मशीन बंद असतानाही, मागचा स्विच चालू असेल तोवर, तिच्यावर पाच व्होल्ट असतात. बटण दाबल्याचं बोर्डाला कळावं, कीबोर्डवरून मशीन जागी व्हावी, असल्या किरकोळ कामांसाठी ही स्टँडबाय वीज असते. तिने मल्टीमीटर लावून दाखवलं. मशीन बंद, जांभळ्या वायरवर ५.१ व्होल्ट. त्या वायरचं आवरण सोलून पंख्याची लाल वायर तिथे पीळ देऊन टेपने गुंडाळली होती. पाच व्होल्टवर पंखा एकदा फिरायला लागला की रेंगाळत फिरतो, पण थांबलेला पंखा तेवढ्या जोरावर सुटेलच असं नाही. आठ महिने मी प्लग काढलाच नव्हता, म्हणून ते झाकलं गेलं.

म्हणजे बंद मशीनला रात्रभर वारा मिळत होता, आणि चालू मशीनला, जिथे वाऱ्याची खरी गरज, तिथे पूर्वीपेक्षा कितीतरी कमी.

काळा डबा तिने करवतीच्या पात्याने कापला. आत निळा दिवा, एक रेझिस्टर आणि चार्ज साठवणारा २२०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. डब्यातून पंख्याकडे एकही वायर जात नव्हती. पाकिटाच्या मागे तिने गणित मांडलं. पंख्यावर छापलेलं ०.२ अँपिअर. तो मिनिटभर चालवायचा आणि तेवढ्यात व्होल्टेज बारावरून सहावर उतरलं तरी चालेल असं धरलं, तरी दोन फॅरड, म्हणजे वीस लाख मायक्रोफॅरड, लागतात. "म्हणजे असले नऊशे कपॅसिटर, दादा. हा एक तुझा पंखा सेकंदाचा पंधरावा भाग चालवेल."

इथवर मला हसू येत होतं. पुढचं पाहिल्यावर गेलं. पंख्याची पिवळी वायर, वेग बोर्डाला कळवणारी, कापून टाकलेली. मग बोर्डाने सुरू होताना पंखा सापडत नसल्याची तक्रार का केली नाही? बायोसमध्ये सीपीयू फॅनच्या ओळीत त्याने "इग्नोर" करून ठेवलं होतं. आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांवरून ६० वर आणलेली. मशीन बंद पडत नव्हती ती यामुळे, आणि रेंडर रखडत होतं तेही यामुळेच. डबा विकलात, ठीक आहे, पैसे गेले. पण धोक्याची घंटा बंद करून ठेवणं? प्रोसेसर स्वतःच तापमान मोजून आधी वेग उतरवतो आणि मग मशीन बंद करतो, म्हणून वाचला. नाहीतर त्या माणसाने काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

मूळ दुखणं पंखा उतरवल्यावर दिसलं. पंखा आणि हीटसिंकच्या पट्ट्या यांच्यामध्ये धुळीची अख्खी गोधडी बसली होती, बोटाने धरून सलग उचलली गेली. खालची, प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून खपली झालेली. साफ केलं, नवी पेस्ट लावली, नवा पंखा बोर्डावर त्याच्या जागी जोडला, दोन्ही सेटिंग पूर्ववत केल्या. त्याच रात्री पूर्ण रेंडर ७० अंशांच्या आत झालं.

उष्णता कोंडण्याबद्दल मी तिला विचारलंच. चिप तापते ती तिच्यातून वीज वाहते म्हणून. चालू असताना चिप हीटसिंकपेक्षा गरम असते. वीज थांबली की चिपमधली उष्णता सेकंदांत हीटसिंकमध्ये उतरते आणि तिथून पुढे सगळा उतारच. बोटाला चटका बसला, तो चालू असताना साचलेल्या उष्णतेचा. बंद केल्यावर पंखा थोडा वेळ चालवण्याची सोय खोटी नाही. एनरमॅक्सच्या काही पॉवर सप्लायमध्ये हीटगार्ड नावाने ती होती, पण ती तीस ते साठ सेकंदांची, कारखान्यातच बसवलेली. ती नसल्यामुळे बोर्ड जळत नाही.

कुणी तुमच्याकडे असलं काही बसवून गेला असेल तर आजच झाकण उघडून बघा. प्रोसेसरच्या पंख्याच्या वायरी बोर्डावरच्या "सीपीयू फॅन" लिहिलेल्या पिनांवर जायला हव्यात. जांभळ्या वायरला टेप दिसली तर प्लग काढा आणि माहितगाराला बोलवा. बायोसमध्ये पंख्याच्या फेऱ्यांचा आकडा दिसतो का तेही बघा. फक्त पॉवर सप्लायचा डबा स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

त्या दुरुस्तीवाल्याला मी फोन केला. जांभळी वायर, पंधरावा भाग, इग्नोर, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सर, डबा तुम्ही उघडलात?" हो म्हणालो.

"मग वॉरंटी गेली."