पत्रिकेचं गणित चोख, पण भविष्याची पानं काढून टाका

बारशाआधी नातीची पत्रिका हवी, असं विहीणबाईंचं म्हणणं होतं. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आतल्या गल्लीत कॉम्प्युटर पत्रिकेचं दुकान आहे, तिथून करून आणली. सेवा चांगली आहे. अर्ध्या तासात स्पायरल बाइंडिंगसकट हातात, ३५० रुपये, आणि शांती करून घ्या म्हणून मागं लागणं अजिबात नाही. संध्याकाळी अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते, सकाळी जा.

गणिताची पानं उत्तम. कोल्हापूरची स्थानिक वेळ घड्याळाच्या ३३ मिनिटं मागं, तो फरकही धरलाय. तिथी, नक्षत्र पंचांगाशी ताडून पाहिलं, सगळं जुळलं.

पुढच्या पानावर मात्र छापलंय : मूळ नक्षत्र, सासऱ्यास अनिष्ट. पोर दहा दिवसांची आहे हो! अजून मान धरत नाही, आणि कुणाच्या तरी मरणाचा दोष आत्ताच तिच्या नावावर.

मी नोकरीभर प्रसूती वॉर्डात सिस्टर होते. दुकानातले काका म्हणाले, "ताई, वेळ मिनिटासकट सांगा, नवमांश तेरा-चौदा मिनिटांत बदलतोय." नवमांश म्हणजे राशीचा नववा भाग. त्यांच्या शास्त्राला धरून बरोबरच आहे. पण जन्मवेळ म्हणजे नेमकी कुठली? डोकं बाहेर आलं ती, ट्याहा ऐकू आला ती, की नाळ कापली ती? बाळ रडलं नाही तर आधी तोंडातला चिकटा काढायचा, पाठ चोळायची, आईचा रक्तस्राव बघायचा. घड्याळाकडे नजर जाते ती हात मोकळे झाल्यावर. हल्ली तर मुहूर्त काढून सिझेरियन करून घेतात. वेळ आपणच निवडायची आणि नशीब आधीच लिहिलंय म्हणायचं, हे एकत्र कसं बसतं?

कधी कधी नाळेलाच गाठ असते. बाळ पोटात फिरताना पडलेली. एकीच्या बाळाची सैल राहते, ते खणखणीत रडत येतं. दुसरीची आवळते. त्या दुसरीला नातेवाइकांनी "तुझ्याच नशिबात नव्हतं" म्हणताना मी ऐकलंय, आणि दर वेळी तिथंच थांबवलंय. तिनं काही केलेलं नसतं, ग्रहांनीही नाही. गाठ पडायला कारण असतं, पण ती कुणी लिहून ठेवलेली नसते.

सूर्याचं ठरलेलं असतं, म्हणून तर मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात त्या किरणोत्सवाच्या तारखा आपल्याला पाठ. पण ऐन वेळी पश्चिमेला ढग आला की किरणं चरणांपर्यंत पोचत नाहीत. आकाशातलं गणित एवढं पक्कं असून ही गत, मग माणसाच्या आयुष्याची हमी कोण देणार?

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर जन्मानं कोल्हापूरचेच, १९३८ सालचे. त्यांनी २००८ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतरांबरोबर चाचणी घेतली होती. १०० हुशार मुलं आणि १०० बौद्धिक अपंगत्व असलेली, त्यांच्या पत्रिका. कुठली कुणाची ते ओळखायचं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहिल्या, बरोबर आल्या ४६ टक्के. छापा-काटा केला तरी निम्म्या येतात.

विहीणबाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी काकांकडे जाऊन फक्त जन्मटिपण आणि कुंडलीची पानं वेगळी मागितली, त्यांनी खळखळ न करता १०० रुपयांत काढून दिली. तुम्हीही तेवढीच मागा. पैसेही वाचतात.